जीवक कोमारभच्च : राजगृहाचा वैद्य

भारतातील एका थोर वैद्याचे सर्वांत सविस्तर चरित्र आपल्याला वैद्यकाच्या ग्रंथात सापडत नाही. ते सापडते भिक्खूंनी कोणती वस्त्रे वापरावीत यासंबंधीच्या नियमांत. विनयपिटकातील महावग्गाचा आठवा खंधक चीवरांविषयी आहे आणि त्याचा आरंभच जीवकाच्या कथेने होतो. वस्त्रांच्या प्रकरणात वैद्य कसा आला, हे पुढे कळेलच. परंतु त्या निमित्ताने विनयधरांनी एका माणसाचे जन्मापासूनचे आयुष्य जपून ठेवले, ही आपल्यावर मोठीच कृपा झाली आहे.

इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकातील ही हकीकत. मगधाची राजधानी राजगृह, राजा बिंबिसार. वैशालीचे वैभव आम्रपालीमुळे वाढले आहे असे पाहून राजगृहातील एका श्रेष्ठीने आपल्या नगरीतही तशी गणिका असावी असे राजाला सुचवले आणि सालवती नावाच्या रूपवान तरुणीला तो मान मिळाला. तिला दिवस गेले. गर्भवती गणिकेला मागणी उरत नाही, म्हणून आजारपणाचे निमित्त करून तिने कोणालाही भेटणे बंद केले. मुलगा झाला तेव्हा दासीला सांगून एका जुन्या सुपात घालून तो उकिरड्यावर टाकून देवविला. सकाळी राजाच्या भेटीस निघालेल्या अभय राजकुमाराला त्या उकिरड्याभोवती कावळ्यांचा घोळका दिसला. काय आहे म्हणून त्याने विचारले, तर लोकांनी मूल असल्याचे सांगितले. जिवंत आहे का, हा त्याचा दुसरा प्रश्न. जिवंत आहे, हे उत्तर. त्या उत्तरातूनच मुलाला जीवक हे नाव मिळाले. राजकुमाराने पोसला म्हणून तो कोमारभच्च झाला, असे विनयपिटक सांगते. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी बालचिकित्सेच्या अंगाला कौमारभृत्य म्हणतात, तेव्हा हे नाव त्या विद्येवरून आले असावे असेही काही अभ्यासक मानतात. दोन्ही अर्थ त्याला शोभतात.

समज आल्यावर जीवकाने अभयाला आपली आई कोण, बाप कोण, असे विचारले. आईचे नाव आपल्याला ठाऊक नाही, परंतु आपण वाढवले म्हणून आपणच बाप, असे राजकुमाराने सांगितले. उत्तर प्रेमाचे होते, तरी मुलाला त्यातील पोकळी उमगली. राजकुळात विद्येवाचून निभाव लागणार नाही, पोसलेल्याला तर नाहीच, असा त्याने मनाशी विचार केला आणि राजकुमाराला न विचारताच तो तक्षशिलेला निघून गेला. राजगृहाहून तक्षशिला सरळ रेषेत मोजली तरी सुमारे १,५०० किलोमीटर अंतरावर आहे. तिचे अवशेष आज पाकिस्तानात रावळपिंडीजवळ आहेत. तेथे एका दिगंत कीर्तीच्या आचार्यांपाशी तो राहिला. पालीत या आचार्यांचे नाव दिलेले नाही. तिबेटी परंपरा त्यांना आत्रेय म्हणते.

तो नेमके काय शिकला, याची यादी कोठे दिलेली नाही. चरकसंहिता व सुश्रुतसंहिता आज ज्या रूपात आहेत, ते रूप जीवकानंतर काही शतकांनी सिद्ध झाले. तथापि त्याच्या उपचारांच्या वर्णनावरून त्या विद्येचा गाभा ओळखू येतो. सृष्टीतील प्रत्येक द्रव्य पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाच महाभूतांचे बनलेले आहे आणि माणसाचे शरीरही त्यांचेच आहे, म्हणून बाहेरचे द्रव्य आतल्या बिघाडावर काम करू शकते, हे त्या विद्येचे पहिले गृहीत. शरीराचे व्यवहार वात, पित्त आणि कफ या तीन दोषांच्या आधाराने चालतात. ते समतोल असले म्हणजे आरोग्य, वाढले, घटले किंवा आपली जागा सोडून भलतीकडे गेले म्हणजे रोग. खाल्लेले अन्न जठराग्नीत पचून त्यापासून रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा व शुक्र हे सात धातू क्रमाने पोसले जातात. अग्नी मंदावला की ही साखळीच बिघडते. वैद्याने रोगाच्या नावाशी न थांबता रोग्याची प्रकृती, वय, बल, देश आणि ऋतू पाहून उपचार ठरवावा, अशी या विद्येची शिस्त आहे.

सात वर्षे झाली. आपण पुष्कळ शिकलो, झटपट शिकलो, तरी या विद्येचा अंत दिसत नाही, असे वाटून जीवकाने आचार्यांना विचारले, की ही कधी संपणार? आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि तक्षशिलेभोवती एक योजनाच्या परिसरात फिरून औषधी नाही अशी जी जी वस्तू दिसेल ती घेऊन यायला सांगितले. जीवक सगळीकडे फिरला आणि रिकाम्या हातांनी परतला. औषधी नाही असे त्याला काहीच आढळले नव्हते. तुझे शिक्षण पुरे झाले, एवढ्याने तुझा चरितार्थ चालेल, असे सांगून आचार्यांनी त्याला थोडी शिदोरी देऊन निरोप दिला.

ही गोष्ट आपल्याकडे बहुधा वनस्पतींच्या महतीसाठी सांगितली जाते. तिचा अर्थ त्याहून खोल आहे असे मला वाटते. जगात औषध नाही असे द्रव्य नाही, हे चरकसंहितेनेही म्हटले आहे, परंतु त्याला एक अट जोडली आहे. द्रव्य औषध होते ते युक्तीने आणि प्रयोजनाने. कोणासाठी, किती, केव्हा आणि कशाबरोबर, हे ठरल्याशिवाय पानही औषध नव्हे आणि मूळही नव्हे. योग्य योजनेने विषाचे औषध होते आणि अयोग्य योजनेने औषधाचे विष होते. जीवकाची परीक्षा स्मरणशक्तीची नव्हती. सात वर्षे शिकलेले डोळे आता रानाकडे कसे पाहतात, याची ती परीक्षा होती.

शिदोरी साकेतात संपली. तेथील एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे मस्तकशूळाने पीडित होती. मोठमोठे वैद्य पैसे घेऊन हात हलवत गेले होते. या पोरसवद्या वैद्याला तिने आधी दारातूनच परत पाठवले. बरे वाटले तरच हवे ते द्यावे, अशी बोली त्याने केली तेव्हा कोठे त्याला आत प्रवेश मिळाला. ओंजळभर तुपात नाना औषधी शिजवून, तिला उताणे निजवून ते तूप त्याने नाकातून दिले. यालाच आयुर्वेद नस्य म्हणतो. मानेच्या वरच्या विकारांसाठी नाक हेच द्वार, असा त्याचा सिद्धांत आहे. तूप तोंडात उतरले तेव्हा त्या बाईने ते भांड्यात थुंकून दासीला कापसाने टिपून ठेवायला सांगितले. जीवक मनात चरकला. जी टाकाऊ तूपही सोडत नाही ती आपल्याला काय देणार? त्याच्या चेहऱ्यावरची चिंता तिने ओळखली आणि नोकरांचे पाय चोळायला किंवा दिव्यात घालायला हे तूप चालते, तुझे मानधन बुडणार नाही, असा दिलासा दिला. ती बरी झाली. तिने, मुलाने, सुनेने व पतीने प्रत्येकी ४,००० दिले. ते १६,००० घेऊन जीवक राजगृहाला परतला आणि आपल्याला पोसल्याचे मोल म्हणून त्याने ते सारे अभयासमोर ठेवले. राजकुमाराने त्यातले काही घेतले नाही. आपल्याच वाड्याच्या आवारात घर बांधून राहा, एवढे मात्र सांगितले.

पुढे बिंबिसाराचे भगंदर त्याने एका लेपाने बरे केले. रक्ताने डागळलेली वस्त्रे पाहून राण्या राजाची थट्टा करीत असत. राजाने बक्षीस म्हणून ५०० स्त्रियांचे दागिने देऊ केले. जीवकाने ते घेतले नाहीत. राजाने आपली सेवा ध्यानात ठेवावी, एवढेच मागितले. त्यावर राजाने त्याला तीन कामे नेमून दिली : राजाची शुश्रूषा, अंतःपुराची शुश्रूषा आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघाची शुश्रूषा.

शस्त्रकर्माच्या दोन कथा विनयात आहेत. राजगृहातील एका श्रेष्ठीच्या कवटीची शिवण उघडून जीवकाने दोन किडे बाहेर काढले, ही पहिली. तिच्यातील तपशील आजच्या वैद्यकाला जसाच्या तसा मान्य होणार नाही, परंतु रोग्याशी वागण्याची त्यातील रीत मात्र आजही पटते. शस्त्रक्रियेपूर्वी त्याने श्रेष्ठीकडून एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने पडून राहण्याचे वचन घेतले. श्रेष्ठी प्रत्येक वेळी सात दिवसांतच कंटाळला आणि एकवीस दिवसांत बरा झाला. एकवीसच दिवस लागणार हे जीवकाला ठाऊक होते. तेवढेच सांगितले असते तर हा तेवढेही पडून राहिला नसता, हेही ठाऊक होते. दुसरी कथा वाराणसीची. कोलांट्या उड्या मारताना एका श्रेष्ठिपुत्राच्या आतड्याला पीळ पडला होता. पेज पचेना, अंगावर शिरा उमटल्या, तो पांढराफटक पडला. जीवकाने माणसांना बाहेर काढले, पडदा लावला, रोग्याला खांबाला बांधले, पोटाची त्वचा छेदून आतडी बाहेर घेतली, पीळ त्याच्या पत्नीला दाखवला, तो सोडवून आतडी परत बसवली, पोट शिवले आणि लेप लावला. आतड्यांच्या अवरोधावर पोट उघडण्याची क्रिया सुश्रुतसंहितेतही वर्णिलेली आहे. तीच संहिता शिष्याने आधी कोहळा, दुधी, काकडी अशा फळांवर छेद देण्याचा सराव करावा असे सांगते, आणि नुसते पोथी जाणणारा व नुसता हात चालवणारा या दोघांनाही अपुरे मानते.

उज्जयिनीच्या प्रद्योताची कथा तर मुलांना सांगण्याजोगी आहे. या शीघ्रकोपी राजाला पांडुरोग झाला होता. त्यावर सिद्ध तूप हा उपाय, आणि राजाला तुपाचा तिटकारा. तूप सोडून काहीही दे, असे त्याने बजावले होते. जीवकाने नाना औषधींत तूप असे शिजवले की त्याचा रंग, वास आणि चव तुरट काढ्यासारखी झाली. पण तूप पचताना ढेकर येणार आणि राजाला कळणार! म्हणून त्याने आधीच परवानगी मिळवून ठेवली, की वैद्याला वेळी-अवेळी मुळ्या खणायला जावे लागते, तेव्हा हवे ते वाहन आणि हवे ते द्वार आपल्याला खुले असावे. तूप पाजून तो भद्दवतिका नावाच्या वेगवान हत्तिणीवर बसून पसार झाला. राजाने काक नावाच्या शीघ्रगामी दासाला मागे धाडले आणि वैद्य फार मायावी असतात, त्याच्याकडून काही खाऊ नकोस, अशी ताकीद दिली. कोशांबीत काकाने त्याला न्याहारी करताना गाठले. जीवकाने आवळा अर्धा स्वतः खाल्ला आणि उरलेला अर्धा त्याला दिला. त्या अर्ध्यात त्याने नखाने औषध भरले होते. काकाला जुलाब सुरू झाले, जिवाला मात्र अपाय झाला नाही. हत्तीण त्याच्याकडे सोपवून जीवक राजगृहाला चालता झाला. राजा बरा झाला आणि कृतज्ञतेने त्याने शिवेय्यक नावाच्या अतिशय मौल्यवान वस्त्रांची जोडी जीवकाकडे पाठवली. रोग्याला फसवून औषध द्यावे का, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु येथे फसवणुकीची जोखीम वैद्याने स्वतःच्या मानेवर घेतली होती, हेही विसरता येत नाही.

याच सुमारास तथागतांच्या शरीरात दोष साचले. विरेचन हवे आहे, असे आनंदाने जीवकाला कळवले. जीवकाने लगेच औषध दिले नाही. आधी काही दिवस शरीराला स्नेहन करायला सांगितले. कोरड्या पडलेल्या, चिकटलेल्या दोषांना स्नेहाने सैल करावे आणि मगच बाहेर काढावे, हा पंचकर्माचा पहिला पाठ येथे आपल्याला प्रत्यक्ष दिसतो. त्यानंतरही बुद्धांना तीव्र विरेचन देणे त्याला उचित वाटेना. औषधींनी भावित केलेली कमळे तीन वेळा हुंगायला देऊन, प्रत्येक वेळी दहा असे तीस वेग यावेत, अशी सौम्य योजना त्याने केली. दाराबाहेर पडल्यावर त्याला हिशेब खटकला. शरीर दोषांनी भरलेले असल्यामुळे वेग एकोणतीसच येतील, स्नानानंतर तिसावा येईल, असे त्याच्या ध्यानात आले. शरीर पूर्ववत होईपर्यंत हलका, पातळ आहार ठेवण्याची दक्षताही त्याने घेतली. मग त्याने ती शिवेय्यक वस्त्रे बुद्धांना अर्पण केली. तोवर भिक्खू उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्यांची पंसुकूल चीवरे वापरीत. गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची मोकळीक भिक्खूंना असावी, अशी जीवकाने विनंती केली आणि ती मान्य झाली. ज्याला हवे त्याने पंसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने दिलेले वस्त्र घ्यावे. वस्त्रांच्या प्रकरणात वैद्य आला तो असा.

वैद्याचा एवढा सन्मान त्या काळी सर्वत्र होत होता असे मात्र नाही. तैत्तिरीय संहितेत देवांचे वैद्य असलेले अश्विनीकुमार माणसांत वावरतात म्हणून अशुद्ध ठरतात आणि ब्राह्मणाने वैद्यकी करू नये असा निष्कर्ष निघतो. पुढे मनुस्मृतीनेही वैद्याला श्राद्धातून वगळले आणि त्याचे अन्न निषिद्ध ठरवले. रक्त, पू, मळ यांना हात लावणारा माणूस विटाळाचा मानला गेला. श्रमणांच्या जगात तसे नव्हते. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजवले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा समजावी असा संघाला आदेश दिला. रोगाच्या कारणांविषयीची दृष्टीही तशीच मोकळी होती. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने सुखदुःखाचे सारे अनुभव पूर्वकर्मानेच येतात का, असे विचारले तेव्हा बुद्धांनी पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम वर्तन, बाह्य आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली. सर्व काही कर्मानेच होते असे म्हणणारे डोळ्यांसमोरच्या अनुभवाला डावलतात, असेही स्पष्ट केले. रोग जर केवळ मागील जन्माची शिक्षा असेल, तर वैद्याला करण्यासारखे काही उरतच नाही. ही वाट मोकळी झाली म्हणूनच जीवकाला संघात जागा होती.

तरी त्याच्या चरित्रात एक दुखरी जागा आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार हे पाच रोग पसरले होते. लोक जीवकाकडे आले. सर्व संपत्ती देतो, दास होतो, पण उपचार कर, असे विनवू लागले. राजा, अंतःपुर आणि संघ यांच्या सेवेतून आपल्याला सवड नाही, असे सांगून जीवकाने त्यांना परत पाठवले. मग त्यांनी प्रव्रज्या घेतली. संघात आल्यावर भिक्खूंनी त्यांची शुश्रूषा केली, जीवकाने उपचार केले. भिक्खू रुग्णांसाठी पथ्याचे अन्न आणि औषध मागता मागता थकले, जीवकाचे राजाकडचे काम मागे पडले. एक जण बरा होऊन चीवर उतरवून निघून गेला आणि वाटेत जीवकाने त्याला ओळखले. तो व्यथित होऊन बुद्धांकडे गेला. या पाच रोगांनी ग्रस्त माणसाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. आजही उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला या रोगांविषयी विचारले जाते.

संघाच्या दृष्टीने नियम योग्य होता. धम्माची ओढ नसलेला माणूस केवळ औषधासाठी चीवर धारण करतो, हे संघाला परवडणारे नव्हते. पण उकिरड्यावरून उचललेल्या मुलाच्या दारातून ती माणसे परत गेली, आणि तो एकटा होता, हेही तितकेच खरे. दोष माणसाचा नव्हता. सामान्यांसाठी वैद्य नेमलेलाच नव्हता. त्या उणिवेची दखल एखाद्या राजाने घेतल्याचे लेखी प्रमाण सुमारे दोन शतकांनी मिळते. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा आणि पशुचिकित्सा या दोहोंची व्यवस्था केल्याचे आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्याचे नोंदवले आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानने पाटलिपुत्रात गरीब, अपंग आणि रोगी यांना अन्न व औषध देणारी धर्मार्थ रुग्णालये पाहिली.

संघाच्या आरोग्याकडे जीवकाचे लक्ष अखेरपर्यंत होते. वैशालीत गोडधोड भिक्षेने भिक्खूंचे शरीर जड झालेले पाहून त्याने चंक्रमणासाठी मार्ग आणि घाम काढण्यासाठी अग्निगृह असावे असे सुचवले. दोन्हींना अनुज्ञा मिळाली. औषधापेक्षा चालणे बरे, हे वैद्यानेच सांगावे लागते. वेळुवन आणि गृध्रकूट दूर पडतात म्हणून त्याने आपले आम्रवन विहारासाठी दिले. देवदत्ताने लोटलेल्या शिळेच्या कपारीने तथागतांचा पाय जखमी झाला तेव्हा त्यांना येथेच आणले होते, असे अट्ठकथा सांगते.

बिंबिसाराचा अंत त्याच्याच मुलाच्या, अजातशत्रूच्या, हातून झाला. जीवक राजगृहातच राहिला. कार्तिकाच्या पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर बसलेल्या अजातशत्रूला मनःशांती हवी होती. एकेक अमात्य एकेका आचार्याचे नाव सुचवीत होता. जीवक गप्प होता. राजाने विचारल्यावर त्याने बुद्ध आपल्याच आम्रवनात असल्याचे सांगितले. हत्तिणींचा ताफा निघाला. वनाजवळ येताच इतकी शांतता पाहून राजाच्या अंगावर काटा आला. साडेबाराशे भिक्खू असताना खोकल्याचाही आवाज नाही, तेव्हा हा आपल्याला शत्रूच्या हाती तर देत नाही ना? जीवकाने त्याला धीर दिला आणि मंडपात जळणारे दिवे दाखवले. त्या रात्री अजातशत्रूने पितृवधाची कबुली दिली. त्याला तेथपर्यंत नेणारा वैद्य संपूर्ण संवादात त्यानंतर एक शब्दही बोलत नाही.

राजगीरला आज जीवकाम्रवनाचे अवशेष पाहता येतात. उत्खननात तेथे लांबट, अंडाकृती दालनांचे पाये मिळाले आहेत. विहारस्थापत्याच्या अगदी प्रारंभीच्या अवस्थेची ती खूण मानली जाते. आणि दूर थायलंडमध्ये पारंपरिक मर्दनचिकित्सा करणारे लोक जीवकाला आपला आद्यगुरू मानतात, रोग्याच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला वंदन करतात.